मद्रासच्या कारकुनाचा तक्ता

रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातल्या कारकुनाचा सगळा दिवस याच मोजमापात जात असे. हा रुपया किती जणांत बिनबाकी वाटता येतो? दोघांत, तिघांत, चौघांत, सहा, आठ, बारा, सोळा जणांत येतो. १ आणि १९२ धरून एकूण चौदा विभाजक भरतात. पाच जणांत वाटायला घेतला की दोन पै उरतात. त्याऐवजी रुपयाच्या १८० पै ठरवल्या असत्या, तर विभाजक अठरा मिळाले असते. साहेबाच्या पौंडाचे पेन्स होते २४०. त्याला वीस विभाजक, आणि २४० च्या आतल्या कुठल्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. आपल्या पंचांगातला दिवस ६० घटिकांचा आणि घटिका ६० पळांची. साठाला बारा विभाजक आहेत आणि साठाच्या आत तेवढे कुणालाच नाहीत. नाणी पाडणाऱ्यांनी आणि काळ मोजणाऱ्यांनी हा गुण फार पूर्वीपासून हेरला होता. कंपनीच्या रुपयाने मात्र तो हातचा घालवला, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जिचे विभाजक जास्त आहेत, अशा संख्येला नाव आणि शास्त्र दोन्ही मिळाले ते १९१५ साली. मूळ संख्येवर, म्हणजे जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कुणी भागू शकत नाही तिच्यावर, युक्लिडपासून ग्रंथ लिहिले गेले होते. तिच्या अगदी उलट टोकाला बसलेल्या या बहुविभाजक संख्यांचा असा सांगोपांग विचार त्याआधी कुणी केला नव्हता. तो केला श्रीनिवास रामानुजन यांनी. त्यांनी या संख्यांना ‘हायली कॉम्पोझिट’ म्हटले. आपण अतिविभाज्य म्हणू. १, २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०, १२०, १८०, २४०, ३६० अशी ती माळ सुरू होते, आणि रामानुजनांनी छापलेल्या तक्त्यात ती जिथे थांबते ती संख्या आहे ६७४६३२८३८८८००. वाचायचीच तर ६७४६ अब्ज ३२ कोटी ८३ लाख ८८ हजार ८००. या लेखाचा विषय ती संख्या आहे, आणि तिच्याआधी राहून गेलेली आणखी एक.

रामानुजन १ मार्च १९१२ रोजी पोर्ट ट्रस्टमध्ये रुजू झाले, महिना तीस रुपयांवर. वय चोवीस. जन्म इरोडचा, लहानपण कुंभकोणमचे. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात एफ.ए. (फर्स्ट आर्ट्स) परीक्षा हुकली; मग मद्रासला पचैयप्पा कॉलेजात नाव घातले, तिथेही शरीरशास्त्रासारख्या विषयांपुढे डाळ शिजली नाही आणि परीक्षा दुसऱ्यांदा बुडाली. १९०९ मध्ये लग्न झाले होते, त्यामुळे नोकरी शोधणे भाग होते. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग हे इंजिनियर, आणि मुख्य हिशेबनीस एस. नारायण अय्यर हे स्वतः गणिती. या दोघांनी या कारकुनाला जितके सांभाळून घेतले तितके आजही कुठल्या कचेरीत कुणी घेईल का, याची मला शंका आहे. संध्याकाळी नारायण अय्यर आणि रामानुजन पाट्या घेऊन बसत. कागद परवडत नसे. म्हणून आकडेमोड पाटीवर करायची, पुसायची ती कोपराने, आणि शेवटचा निष्कर्ष तेवढा वहीत उतरवायचा. कचेरीच्या वेळात गोदीत वेष्टनाचे रद्दी कागद शोधत फिरताना ते एका मित्राला दिसल्याची आठवण चरित्रकारांनी नोंदवली आहे. पुढे जगभरच्या गणितज्ञांना या वह्यांत सिद्धतांचा पत्ता सापडेना, त्याचे एक कारण या पाटीतही आहे.

त्या काळच्या मद्रासमध्ये गणित म्हणजे नुसती शिकवण्याची बाब नव्हती. १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरने गणितप्रेमींचे एक मंडळ उभे केले होते. तेच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाले. मंडळाचा जीव मद्रास इलाख्यात होता आणि ग्रंथालय पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात. युरोपातून येणारी गणिताची नियतकालिके पुण्याला उतरत आणि तिथून टपालाने सभासदांच्या हाती फिरत. फर्ग्युसनचे प्राचार्य होते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, मुर्डीहून केंब्रिजला जाऊन १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले. म्हणजे एकाच मंडळाच्या वर्तुळात केंब्रिजची सर्वांत अवघड परीक्षा पहिल्या क्रमांकाने जिंकलेला माणूस होता आणि मद्रासची एफ.ए. दोनदा हरलेलाही. महाराष्ट्राने रँग्लर हा शब्द आडनावासारखा मिरवला. त्याच वर्षांत पुढे ज्यांनी रामानुजनांना उचलून धरले त्या केंब्रिजच्याच गणितज्ञ जी. एच. हार्डींनी रँग्लरांची क्रमवारी मोडून काढण्यासाठी जोर लावला होता, आणि १९०९ नंतर ती बंदही झाली. परांजप्यांचे श्रेय यात कमी होत नाही. ग्रंथालय चालवणारा माणूस गणिताच्या इतिहासात प्रमेय सांगणाऱ्याइतका दिसत नाही, एवढेच.

रामानुजन कारकुनीची जागा मागायला आधी रामस्वामी अय्यरांकडेच गेले होते. वह्या चाळल्यावर अय्यरांनी त्यांना महसूल खात्यात अडकवायचे नाकारले आणि मद्रासच्या मित्रांच्या नावे पत्रे दिली. नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांनी काही काळ महिना पंचवीस रुपये दिले. १९११ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात बर्नुली संख्यांवरचा रामानुजनांचा पहिला लेख आला.

१६ जानेवारी १९१३ ला हार्डींना लिहिलेल्या पत्राची कथा सर्वांना ठाऊक आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. मात्र त्या वर्षीच्या पत्रव्यवहारातले एक विधान आपल्या विषयाचे आहे. केवळ २ आणि ३ यांच्याच गुणाकाराने बनणाऱ्या संख्या एखाद्या मर्यादेच्या आत किती, याचे सूत्र त्यांनी दिले होते. मर्यादेची दुप्पट आणि तिप्पट घ्यायची, दोन्हींच्या लॉगॅरिदमांचा गुणाकार करायचा, त्याला २ आणि ३ यांच्या लॉगॅरिदमांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचे. १०० ही मर्यादा घेऊन पाहा. १, २, ३, ४, ६, ८, ९, १२ अशा मोजत ९६ पर्यंत गेलात की बरोबर वीस संख्या मिळतात. सूत्र सांगते १९.८. इतक्या साध्या सूत्राने इतके जवळ जावे याचे हार्डींना कुतूहल वाटले आणि पुढे त्यांनी त्यावर व्याख्यानात एक प्रकरणच खर्च केले. लहान मूळ संख्या एकमेकींना गुणून मोठ्या संख्या कशा घडतात, हा प्रश्न असा मद्रासमध्येच त्यांच्या मनात घोळत होता.

मग गोष्टी झपाट्याने घडल्या. हार्डींचे उत्तर आले, हवामान खात्याचे गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले असता त्यांनी विद्यापीठाला शिफारस लिहिली, आणि १ मे १९१३ पासून मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या या माणसाला महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. १७ मार्च १९१४ रोजी ‘नेवासा’ बोटीने रामानुजन मद्रासहून निघाले. विद्यापीठ वर्षाला २५० पौंड देणार होते. त्यातले महिना साठ रुपये कुंभकोणमला आईकडे पाठवायची व्यवस्था रामानुजनांनीच लावून घेतली.

ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि केंब्रिज ओस पडले. त्या काळात, शाकाहारी स्वयंपाक स्वतःच्या हाताने रांधत, रामानुजन अतिविभाज्य संख्यांच्या मागे लागलेले होते.

संख्येचे विभाजक एकेक करून मोजावे लागत नाहीत. तिचे मूळ अवयव पाडा. प्रत्येक अवयव किती वेळा आला ते लिहा. त्या प्रत्येक आकड्यात १ मिळवा आणि सगळ्यांचा गुणाकार करा. ६० म्हणजे २ दोनदा, ३ एकदा, ५ एकदा. तेव्हा ३ गुणिले २ गुणिले २, बारा विभाजक. इथवर शाळकरी पोरगाही येईल. आता प्रश्न उलटा करा: विभाजक जास्तीत जास्त हवेत आणि संख्या मात्र वाढू द्यायची नाही, तर अवयव कसे निवडावेत? एक गोष्ट लगेच दिसते. मोठ्या मूळ संख्येचा घातांक लहानीच्या घातांकापेक्षा मोठा असेल तर दोघांची अदलाबदल करावी. विभाजक तितकेच राहतात आणि संख्या लहान होते. म्हणून अतिविभाज्य संख्येत घातांक उतरत जातात: २ चा सर्वांत मोठा, मग ३ चा, मग ५ चा, आणि मध्ये कुठलीही मूळ संख्या गाळलेली नसते. रामानुजनांनी याच्या पुढे जाऊन सिद्ध केले की शेवटच्या मूळ संख्येचा घातांक नेहमी १ च असतो, आणि अपवाद फक्त दोन, ४ आणि ३६. अनंत पसरलेल्या माळेत दोनच अपवाद!

पण घातांक उतरते आहेत एवढ्याने संख्या अतिविभाज्य ठरत नाही. किती उतरावेत, कुठे २ वरून १ वर यावे, याला वरून आणि खालून मर्यादा घालाव्या लागतात. त्या निबंधाची साठाहून अधिक पाने मुख्यतः याच कामात गेली आहेत. एकामागून एक असमानता, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा अधिक आवळलेली. पोर्ट ट्रस्टच्या कारकुनाला घासाघीस शिकवावी लागली नसावी. उदाहरण बघा. एका संख्येतून एक ३ आणि एक ७ काढून टाकले, म्हणजे तिला २१ ने भागले, आणि त्या बदल्यात २३ ही नवी मूळ संख्या आत घेतली. संख्या एकवीस भागांची तेवीस भाग झाली, म्हणजे दहा टक्क्यांनीही वाढली नाही. विभाजकांचे काय झाले? ३ चा घातांक ४ वरून ३ वर आला तर विभाजक चारपंचमांश होतात. ७ चा २ वरून १ वर आला तर दोनतृतीयांश. २३ आल्याने दुप्पट. एकूण सोळा पंधरांश. ५०४० विभाजक होते ते ५३७६ झाले. सौदा पटला. असे सौदे दर पायरीला तपासायचे, आणि मधल्या सगळ्या संख्यांपैकी एकीनेही आपल्याला मागे टाकलेले नाही याची खात्री करायची. यंत्र नाही, बारा-तेरा आकडी संख्या, आणि हाताशी पाटीऐवजी एकदाचा कागद.

त्या निबंधात छापलेल्या तक्त्यात १०२ संख्या आहेत. शेवटच्या ६७४६३२८३८८८०० मध्ये २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ आणि ७ दोन-दोन वेळा, आणि ११, १३, १७, १९, २३ एकेकदा. विभाजक ७ गुणिले ५ गुणिले ३ गुणिले ३ गुणिले ३२, म्हणजे १००८०. गंमत अशी की १००८० ही स्वतःही अतिविभाज्य संख्या आहे, ७२ विभाजकांची.

आणि तक्त्यात एक संख्या राहिली आहे. २४०९४०२९९६०० ला ४८०० विभाजक, त्यानंतर एकदम ३२१२५३७३२८०० ला ५३७६. या दोहोंच्या मध्ये २९३३१८६२५६०० हवी होती: २९३ अब्ज ३१ कोटी ८६ लाख २५ हजार ६००, आणि विभाजक ५०४०. मघाशी जिच्यातून ३ आणि ७ काढून २३ घातले ती संख्या हीच. त्या सौद्यातून निघालेली संख्या तक्त्यात आहे, ज्या संख्येशी सौदा केला ती नाही. आणखी पाहा: हिला नुसते २३ ने गुणले की तक्त्यातली शेवटची संख्या येते. म्हणजे शेवटच्या ओळीत राहून गेलेली संख्या अख्खी उभी आहे, अंगावर २३ चढवून. १०३ पैकी एक सुटली. लॉगॅरिदमची पुस्तके आणि बोटे एवढ्यावर बारा आकडी मैदान चाळणाऱ्याकडून ही एकच चूक व्हावी, हे मला चुकीपेक्षा बाकीच्या १०२ ओळींबद्दल जास्त सांगते. तक्ता नुसता सूत्राने काढलेला नाही, माणसाने हाताने भरलेला आहे, हे त्या रिकाम्या जागेवरूनच कळते.

हार्डींचे या निबंधाबद्दलचे मत दुहेरी होते. विषय गणिताच्या मुख्य प्रवाहापासून थोडा बाजूला पडलेला, पण असमानतांवरची पकड विलक्षण, असा त्यांचा एकंदर सूर. बाजूला पडलेला हे त्या वेळी खरेच होते. त्यांना जास्त मोह होता विभाजनांच्या प्रश्नाचा: २०० ही संख्या लहान संख्यांच्या बेरजेने किती प्रकारे लिहिता येते? मेजर मॅकमहॉन यांनी हातांनी हिशेब करून ३९७२९९९०२९३८८ हे उत्तर काढले होते आणि हार्डी-रामानुजन सूत्राने १९१८ मध्ये तेच दिले. तीही तेरा आकडीच संख्या. चित्रपट काढणाऱ्यांना हीच आवडते, कारण तिच्यात शर्यत आहे. तक्ता भरण्यात शर्यत नसते.

अतिविभाज्य संख्यांवरचा निबंध लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये १९१५ ला छापला, पण पुरा नाही. युद्धामुळे सोसायटीच्या तिजोरीत खडखडाट होता आणि कागद-छपाईचा खर्च झेपेना, म्हणून निबंधाचा उत्तरार्ध वगळावा लागला. जो माणूस मद्रासमध्ये कागदाला महाग होता त्याचे लिखाण लंडनमध्येही कागदापायीच कापले गेले. उरलेल्या अर्ध्याच्याच बळावर मार्च १९१६ मध्ये केंब्रिजने रामानुजनांना संशोधनाची बी.ए. दिली, पुढे ज्या पदवीला पीएच.डी. म्हणू लागले ती हीच. एफ.ए. राहिली ती राहिलीच.

१९१८ मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप दोन्ही मिळाल्या; तोवर प्रकृती ढासळली होती. २७ मार्च १९१९ रोजी ‘नागोया’ बोटीने ते मुंबईला उतरले, तिथून मद्रासला. तेरा महिन्यांत, २६ एप्रिल १९२० रोजी, मद्रासच्या चेटपट भागात त्यांचे निधन झाले. बत्तीस वर्षांचे आयुष्य. त्यांच्या पत्नी जानकी अम्माळ त्यानंतर काही वर्षे मुंबईत भावाकडे राहिल्या, तिथे शिवणकाम शिकल्या, आणि पुन्हा ट्रिप्लिकेनला येऊन त्यावर स्वतःचा चरितार्थ चालवला. १९९४ पर्यंत त्या होत्या. मूळ वह्या मद्रास विद्यापीठाकडे राहिल्या. त्यांच्या छायाप्रती १९५७ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने दोन जाड खंडांत काढल्या. शेवटच्या वर्षाचे सुटे कागद विद्यापीठाने १९२३ मध्ये हार्डींकडे रवाना केले. १९१५ च्या निबंधाचा उत्तरार्धही केंब्रिजमध्येच, ट्रिनिटीच्या ग्रंथालयात जाऊन पडला.

संख्यांच्या गुणांचे वेड असलेला आणखी एक माणूस १९४९ मध्ये मद्रासला आला होता, तो आपल्याकडचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर: जन्म डहाणूचा, शिक्षण फर्ग्युसनमध्ये, १९२७ चे रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, आणि नोकरी देवळालीला शाळामास्तराची. मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा गुण जाहीर केला. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. विद्यापीठांतल्या पुष्कळ पंडितांनी याला खेळ म्हणून नाक मुरडले. मला कापरेकरांबद्दल जिव्हाळा आहे, तरी एक फरक सांगितला पाहिजे. ६१७४ चा गुण आपण दहाच्या पटीत आकडे लिहितो म्हणून आहे. बाराच्या पटीत लिहिणाऱ्यांच्या जगात तो नाहीसा होईल. २९३३१८६२५६०० ला ५०४० विभाजक आहेत ते ती कशीही लिहिली तरी राहतील. विभाजकांच्या बाबतीत ६१७४ गरीबच. तिला अवघे २४ आहेत, आणि तिच्याहून लहान असलेल्या ५०४० ला ६०.

या ५०४० ची कथा जुनी आहे. प्लेटोने आपल्या आदर्श नगरात ५०४० कुटुंबे असावीत असे ‘लॉज’ या ग्रंथात सुचवले, कारण जमीन, करवसुली, सैन्य कशाचीही वाटणी करायला ही संख्या सोयीची: १ ते १० सगळ्यांनी भाग जातो. रामानुजनांच्या तक्त्यात ती अर्थातच आहे. पण तिचा खरा पराक्रम उत्तरार्धात दडला होता. तिथे रामानुजन विभाजकांच्या संख्येवरून त्यांच्या बेरजेकडे वळले होते. ५०४० च्या सगळ्या विभाजकांची बेरीज १९३४४, म्हणजे मूळ संख्येच्या ३.८३८ पट. ही पट किती फुगू शकते? रीमान गृहीतक खरे मानले तर पुरेशा मोठ्या संख्यांसाठी तिला एक नेमकी मर्यादा पडते, असे रामानुजनांनी दाखवले होते. मूळ संख्यांच्या विखुरणीबद्दल १८५९ मध्ये मांडलेले आणि आजवर कुणाला सिद्ध करता न आलेले असे हे गृहीतक. आणि मुख्य प्रवाहाबाहेरचा म्हणून ज्याकडे पाहिले गेले तो विभाजकांचा विषय थेट त्याच्या दाराशी जाऊन उभा होता. ते कागद मात्र बंद कपाटात होते. १९४४ मध्ये अलाओग्लू आणि एर्डिश यांनी त्यातल्या काही कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधल्या. १९८४ मध्ये फ्रेंच गणिती गी रोबँ यांनी शेवटची गाठ मारली: ती मर्यादा ५०४० नंतरच्या प्रत्येक संख्येला लागू पडत असेल तर रीमान गृहीतक खरे, आणि गृहीतक खरे असेल तर ती लागू पडतेच. ५०४० स्वतः मर्यादा मोडते; तिची पट ३.८३८ आणि मर्यादा ३.८१७.

रामानुजनांचा हस्तलिखित उत्तरार्ध दिल्लीच्या नरोसा प्रकाशनाने जन्मशताब्दीच्या सुमारास, १९८८ मध्ये, इतर अप्रकाशित कागदांसह छायाप्रतींच्या रूपात काढला. तो जुळवून, टिपा देऊन, रीतसर निबंध म्हणून छापला झाँ-लुई निकोला आणि त्याच रोबँ यांनी १९९७ मध्ये, ‘रामानुजन जर्नल’च्या पहिल्याच वर्षी. या नियतकालिकाचे संस्थापक संपादक कृष्णस्वामी अल्लाडी हे मद्रासमध्येच वाढलेले. १९६२ मध्ये तिथे गणिती शास्त्रांची संस्था उभी करणाऱ्या अल्लाडी रामकृष्णन यांचे चिरंजीव. निबंधाच्या दोन अर्ध्यांमध्ये ब्याऐंशी वर्षे गेली.

रोबँ यांच्या १९८४ च्या निष्कर्षापासून ५०४० च्या पुढे मर्यादा मोडणारी संख्या शोधण्याचे काम चालू आहे. एक सापडली तरी रीमान गृहीतक कोसळेल. सगळ्या संख्या चाळायची गरज नाही; मोडणारी पहिली संख्या असलीच तर ती रामानुजनांच्या तक्त्यातल्या संख्यांच्याच भावकीतली, लहान मूळ अवयवांनी उतरत्या घातांकांत रचलेली असणार, हे सिद्ध झाले आहे. २००६ मध्ये कीथ ब्रिग्ज यांनी संगणकावर १० च्या दहा अब्जाव्या घातापर्यंतच्या अशा संख्या तपासल्या. एकही मोडत नाही.